भागू की गुणू?



विषयाची पाटी वाचून काहींना वाटलं असेल, नर्सिंगच्या मुलींचं गणित आम्हाला कशाला? एक कारण असं, की त्या मुली पुढच्या रांगांत बसल्या आहेत. दुसरं असं, की हे गणित तुमच्या घरीही होतं. तापलेल्या नातवाला "अर्धं झाकण पाज" असं आजी सांगते, तेव्हा एका गणिताचं उत्तरच सांगत असते. गणित कोणी केलं, हे मात्र विचारायचं नसतं!

धारणी, चिखलदरा, अंजनगाव, चांदूर बाजार इथून मुली परतवाडा-अचलपूरला एएनएम, जीएनएम हे नर्सिंगचे अभ्यासक्रम करायला येतात. कला शाखेतून बारावी झालेल्या मुलीलाही जीएनएमला प्रवेश मिळतो. म्हणजे तिचं गणित बहुधा दहावीतच सुटलेलं. पुस्तक इंग्रजीत, वॉर्डातलं बोलणं वऱ्हाडीत, आणि मेळघाटातून आलेली बाई कोरकूत सांगते. अशा मुलीसमोर फळ्यावर सूत्र येतं: हवा असलेला डोस, भागिले हाती असलेला डोस, गुणिले मिलिलिटर. ती ते पाठ करते. मग पहिल्या चाचणीच्या आधी हमखास विचारते, "मॅडम, याच्यात भागू की गुणू?" तिला भागाकार येतो, गुणाकारही येतो. अडतं ते मांडणीपाशी, आणि आज मला त्या मांडणीबद्दलच बोलायचं आहे.

समजा, आठ किलोच्या बाळासाठी डॉक्टरांनी पॅरासिटामॉल १२० मिलिग्रॅम लिहिलं. दुकानात एक सिरप मिळतं, त्याच्या ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम औषध असतं. दुसऱ्या सिरपच्या ५ मिलीत २५०. थेंबांच्या बाटलीत तर एकाच मिलीत १००. उत्तरं आली ४.८ मिली, २.४ मिली आणि १.२ मिली. बाळ तेच, डोस तोच, उत्तरं तीन. पहिल्या सिरपचे ४.८ मिली कोणी थेंबांच्या बाटलीतून पाजले, तर पोटात गेले ४८० मिलिग्रॅम, म्हणजे चौपट. यात आकडेमोड कुठेच चुकलेली नाही. (हे आकडे समजावण्यापुरते आहेत. घरी जाऊन वापरू नका, डोस डॉक्टरांनीच ठरवायचा.)

आपल्या जुन्या शाळांत याला त्रैराशिक म्हणत. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती'त त्याची रीत दिली. प्रमाण, फल आणि इच्छा अशा तीन राशी. प्रमाण आणि इच्छा एका जातीच्या, त्या दोन टोकांना मांडायच्या. फल वेगळ्या जातीचं, ते मध्ये. फलाला इच्छेने गुणायचं आणि प्रमाणाने भागायचं. आपल्या सिरपचं पाहा: १२५ मिलिग्रॅम, ५ मिली, १२० मिलिग्रॅम. फळ्यावरचं इंग्रजी सूत्रही हेच आहे, तेव्हा छाती फुगवण्याचं कारण नाही. पण या रीतीत एक सोय आहे. एका टोकाला मिलिग्रॅम आणि दुसऱ्या टोकाला मिली आले, की चूक डोळ्यांना दिसते. शिवाय तीनपैकी दोन राशी बाटलीवर असतात, त्यामुळे लेबल वाचल्याशिवाय मांडणीच होत नाही. आमच्या परीक्षा मात्र तिन्ही राशी प्रश्नात छापून देतात. वॉर्डात त्या कोणी छापून देत नाही. ट्रेमध्ये दोन सारख्या दिसणाऱ्या बाटल्या असतात, त्यातून शोधाव्या लागतात.

२००७ साली लॉस एंजेलिसच्या एका मोठ्या रुग्णालयात अभिनेते डेनिस क्वेड यांच्या नवजात जुळ्यांना हेपारिन हे औषध देताना असंच झालं. द्यायचं होतं मिलीला १० युनिटचं, गेलं मिलीला १०,००० युनिटचं. हजारपट! बाळं वाचली. तिथे यंत्रं होती, पैसा होता, शिकलेली माणसं होती. चुकली ती बाटली.

आता आपल्या प्रसूतिकक्षात येऊ. गरोदर बाईचा रक्तदाब चढला, झटके आले, की मॅगसल्फ, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, लागतं. अँप्युल २ मिलीची, वर लिहिलेलं असतं ५० टक्के. हे 'टक्के' नव्या मुलीला फार छळतात. शंभर मिलीत ५० ग्रॅम, म्हणजे एका मिलीत अर्धा ग्रॅम, आणि एका अँप्युलमध्ये १ ग्रॅम. सुरुवातीला ४ ग्रॅम शिरेतून सावकाश द्यायचे, पण २० टक्क्यांचं द्रावण करून. चार ग्रॅम म्हणजे ८ मिली औषध. वीस टक्क्यांसाठी ते २० मिलीत हवं, म्हणून १२ मिली सलाईन. त्यावर दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम, म्हणजे प्रत्येकी १० मिली. एकूण अँप्युल चौदा. उपकेंद्रातून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून पुढे पाठवण्याआधी ही कुल्ल्यांतली इंजेक्शनं परिचारिकेने द्यावीत, अशी केंद्र सरकारचीच सूचना आहे. सेमाडोहचा जंगलरस्ता आणि घाट उतरून रात्री परतवाड्याला यायचं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. ते गणित त्याआधी, टॉर्चच्या उजेडात झालेलं असावं लागतं.

अनुभवी सिस्टर तेव्हा सूत्र आठवत बसत नाही. तिच्या तोंडी असतं, "आठ औषध, बारा सलाईन." सेलिया हॉइल्स, रिचर्ड नॉस आणि स्टेफानो पोझी या अभ्यासकांनी इंग्लंडमध्ये लहान मुलांच्या परिचारिकांना काम करताना पाहिलं, आणि २००१ साली त्याबद्दल लिहिलं. शाळेत शिकलेलं सूत्र त्या वॉर्डात फारसं वापरत नव्हत्या. प्रत्येक औषधाची, त्याच्या बाटलीची त्यांची वेगळी रीत बसलेली होती.

अशी तोंडपाठ रीत आपल्याला परकी नाही. पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, अगदी औटकीपर्यंत आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीत पाठ असे. पावकीचा उपयोग बघा. दोन किलोच्या अर्भकाला जेंटामायसिन १० मिलिग्रॅम द्यायचं आहे. बाटली २ मिलीची, आत ८० मिलिग्रॅम, म्हणजे मिलीला चाळीस. चाळिसाचे दहा म्हणजे पाव. पाव मिली, ०.२५. दशांशचिन्ह सरकलं तर उत्तर येईल २.५, आणि दोन मिलीच्या बाटलीतून अडीच मिली निघणार कुठून? इथेच हात थांबला पाहिजे. आधी अंदाज, मग आकडेमोड, असा माझा आग्रह आहे. एका डोसला बाटलीहून जास्त औषध लागत असेल तर थांबायचं. मॅगसल्फ या नियमाला अपवाद. चौदा अँप्युल फोडताना नवखी मुलगी बिचकते. बिचकू द्या तिला, आणि दुसरीला बोलवू द्या. फक्त त्या दुसरीने आपलं गणित वेगळ्या कागदावर करावं. "बरोबर आहे ना गं?" "हो गं," याला तपासणी म्हणत नाहीत.

पण सगळा भार मुलीच्या डोक्यावर का टाकायचा? गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्यापुढे प्रश्न होता, की बाळाचा न्यूमोनिया ओळखायला मिनिटाला श्वास मोजावे लागतात, आणि दायांना पन्नासपर्यंत मोजता येत नाही. त्यांनी एक साधन केलं. मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा, लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. दहापर्यंत मोजणं दायांना येत होतं, आणि तेवढंच पुरेसं होतं. तसंच आपल्याकडे प्रसूतिकक्षाच्या भिंतीवर मॅगसल्फचे ग्रॅम लिहिलेले असतात, शेजारी मिली आणि अँप्युलही लिहा, एवढं मी प्रत्येक ठिकाणी सांगते.

असंच एक साधन तुमच्यापैकी अनेकांच्या फ्रीजमध्ये आहे. इन्शुलिनच्या सिरिंजवर मिली नसतात, थेट युनिट असतात, म्हणून कोणाला गणित करावं लागत नाही. पण जोडी जुळली तरच. आपल्याकडची नेहमीची इन्शुलिनची बाटली मिलीला ४० युनिटची असते, तिला लाल टोपणाची सिरिंज. पेनमधलं इन्शुलिन सहसा मिलीला १०० युनिटचं, आणि १०० च्या सिरिंजचं टोपण नारिंगी. पेन बिघडलं म्हणून त्यातलं इन्शुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत ओढलं, तर आत आलं अर्धा मिली, म्हणजे ५० युनिट. साखर इतकी खाली जाऊ शकते की माणूस बेशुद्ध पडेल. उलट, ४० च्या बाटलीतून नारिंगी टोपणाने २० च्या खुणेपर्यंत ओढलं, तर मिळतील जेमतेम ८ युनिट. सिरिंज घ्यायला मुलाला दुकानात पाठवाल तेव्हा नुसतं "इन्शुलिनची सिरिंज" सांगू नका. रिकामी बाटली सोबत द्या आणि टोपणाचा रंग सांगा.

आता प्रश्न घेऊ. मुलींचे आधी.