चावीचा फोनो आणि नोएडाची फीत

यमुनेच्या पूर्व तीरावर, दिल्लीच्या ओखला भागाला लागून, जे नगर आज नोएडा या नावाने ओळखले जाते, त्याचे नाव कोणा ऋषीने वा राजाने ठेवलेले नाही. १९७६ च्या एप्रिल महिन्यात तेथे एक औद्योगिक विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि त्याच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे जोडून हे नाव सिद्ध झाले. अशा नगराला घरगुती संगीताच्या जुन्या आठवणींशी काय कर्तव्य, अशी शंका श्रोत्यांच्या मनात येणे साहजिक आहे. परंतु मनात येईल तेव्हा आवडते गाणे घरी बसून ऐकावे, हे भाग्य या देशातील सामान्य माणसाच्या वाट्याला आले ते पुष्कळ अंशी याच नगरातील कारखान्यांमुळे. तेथवर पोचण्यास मात्र पाऊणशे-ऐंशी वर्षे लागली, आणि त्या प्रवासाची सुरुवात चावीच्या फोनोपासून होते.

१९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्ग या ध्वनिमुद्रकाने कलकत्त्यात हिंदी गवयांचे आवाज प्रथम टिपले. त्यांत गोहरजान होती. गाणे संपताच ती आपले नाव इंग्रजीत उच्चारी. कारण तबकड्या छापल्या जात जर्मनीतील हॅनोवर शहरी, आणि तेथील कारागिरांना कोणती तबकडी कोणाची हे कळावे कसे? गंमत अशी की, त्या तबकड्यांना जी लाख लागे तिचा मोठा पुरवठा आपल्याच रानांतून होई. लाख बोटीने परदेशी जाई आणि कलकत्त्याचे गाणे अंगावर घेऊन स्वदेशी परते. पुढे १९०८ च्या सुमारास कलकत्त्यातच छापखाना निघाला आणि हा द्राविडी प्राणायाम थांबला.

मराठी घरात हे यंत्र 'फोनो' या सुटसुटीत नावाने नांदले. त्याला विजेची गरज नव्हती. पेटीच्या पोटात पोलादी कमान असे. बाजूची चावी फिरवली की ती आवळली जाई आणि उलगडताना तबकडी मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेई. तबकडीच्या खोबणीत सुई थरथरे, ती थरथर अभ्रकाच्या पातळ चकतीला पोचे आणि कर्ण्यातून आवाज बाहेर पडे. कमान सैल पडू लागली म्हणजे गायिकेचा आवाज हळूहळू घोगरा होत पुरुषाचा होई, आणि घरातली मुले हसून लोळत असता कोणीतरी धावत जाऊन चावी देई. पोलादी सुई दर बाजूला बदलावी असा नियम होता. तो पाळणारी घरे थोडी. सुईच्या डबीला पैसे पडत. म्हणून एकच सुई पाच-सहा वेळा चाले आणि बिचाऱ्या तबकडीची खोबण खरवडून निघे. जी तबकडी अधिक आवडती, ती अधिक लवकर झिजे. घरोघरच्या संग्रहात सर्वांत खरखरणारी तबकडी कोणती, यावरून त्या घराची अभिरुची ओळखता आली असती.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावे. ज्या बालगंधर्वांच्या नाटकासाठी रसिक रात्र जागवीत, त्यांचे पद एवढ्यात संपे. अब्दुल करीम खाँसाहेबांची भैरवी, हिराबाई बडोदेकरांचा ख्याल, हे सारे त्याच मापात कातरलेले. जाणकार हळहळत. परंतु या कातरण्याला दुसरी बाजू होती. गवयाला नेमके काय सांगायचे आहे ते तीन मिनिटांत सांगावे लागे. आणि ज्याला गुरूच्या दारी राहण्याची सोय नव्हती असा एखादा मुलगा तेवढाच तुकडा शंभरदा वाजवून गळ्यावर चढवी. एकच जागा पुन्हा पुन्हा ऐकवणारा, न रागावणारा गुरू त्यापूर्वी कोणाला भेटला होता?

याहून मोठी गोष्ट घडली ती माजघरात. नाटकगृहाच्या जागरणाला वा खाजगी बैठकीला घरच्या बायका जाऊ शकत नसत. जाणे शिष्टसंमत नव्हते. आणि ज्या स्त्रिया गात, त्या बहुधा कलावंतिणींच्या घराण्यांतल्या. त्यांना प्रतिष्ठितांच्या घरी पुढल्या दाराने प्रवेश नव्हता. फोनोने ही दोन्ही दारे एकाच वेळी किलकिली केली. सुंदराबाई जाधवांची लावणी वा गझल, गोहरजानची ठुमरी ही काळ्या तबकडीच्या रूपाने सोवळ्या घरात शिरली. यजमान कचेरीत गेल्यावर दुपारी ती कोणी लावीत असे, याची नोंद कुठल्याही इतिहासात सापडावयाची नाही. गाणाऱ्या स्त्रीचा आवाज हवा, पण तिचे येणे नको, हा ढोंगीपणा त्या पेटीने झाकला हे खरे. तरी त्या आवाजावर जिवापाड प्रेम करणाऱ्या स्त्रियाही तिनेच निर्माण केल्या. गोव्याच्या केसरबाई केरकर याच कलावंत समाजातल्या. १९७७ मध्ये 'व्हॉयेजर' नावाची दोन अमेरिकन याने अवकाशात गेली, त्यांच्यावरील सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत त्यांची भैरवी आहे. आणि ती वाजविण्यासाठी सोबत सुईही ठेवलेली आहे.

फोनो ही मात्र अखेरपर्यंत काहींच्याच घरची चैन राहिली. कोणाचा आवाज मुद्रित व्हावा हे ठरवणारे मूठभर, आणि तबकडी विकत घेणारेही मूठभरच. पुढे विजेवर चालणारे रेकॉर्डप्लेअर आले, दीर्घ मुदतीच्या तबकड्या आल्या. एकूण व्यवहार पालटला नाही.

तो पालटला फितीने. १९६३ मध्ये फिलिप्स कंपनीने लहानशी कॅसेट बाहेर काढली. सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर अशा मंद गतीने सरकणारी चार मिलिमीटरहूनही अरुंद फीत, आणि एका बाजूला अर्धा तास गाणे. १९७० नंतर आखाती देशांत नोकरीस गेलेली माणसे परत येताना रेडिओ व टेपरेकॉर्डर एकत्र असलेले 'टू-इन-वन' आणू लागली. आणि १९८० नंतरच्या दशकात गुलशन कुमार या दिल्लीच्या गृहस्थांनी 'सुपर कॅसेट्स' हा उद्योग उभारला. दर्यागंजात फळांच्या रसाचे दुकान चालविणाऱ्याचा हा मुलगा. त्यांच्या नोएडातील कारखान्यांतून स्वस्त कॅसेटी निघू लागल्या, त्या पानाच्या ठेल्यावर व किराणा दुकानातही मिळू लागल्या. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यातील एका तरतुदीच्या आधारे जुनी गाणी नव्या गळ्यांकडून गाववून घेण्याचा धडाका त्यांनी लावला. त्यावर वाद झाले, आणि ते अकारण नव्हते. मूळ गायकाचे श्रेय व पैसा दोन्ही त्यात बुडाले असे म्हणणाऱ्यांना उत्तर देणे सोपे नाही. १९९७ च्या ऑगस्टात मुंबईत गुलशन कुमारांची हत्या झाली.

पण स्वस्त फितीमुळे मुद्रणाची मूठ सुटली, हेही तितकेच खरे. मराठीत प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते आणि त्यांच्या पुत्रांची लोकगीते खेड्यापाड्यांत पोचली ती याच फितीवरून. वस्त्यावस्त्यांतून जलशांत गाइली जाणारी भीमगीते, जी कोणत्याही दिवाणखान्याच्या फोनोवर क्वचितच वाजली असती, ती लाउडस्पीकरवरून घुमू लागली. पुण्यात अलूरकर म्युझिक हाउसने जुन्या मैफलींची मुद्रणे काढली. तीन मिनिटांत कोंडलेल्या ख्यालाने तेव्हा कुठे पाय पसरले.

आणि नोएडाच्या सदनिकांत राहावयास आलेल्या मराठी कुटुंबांना कॅसेट म्हणजे गाण्याहून अधिक काही होती. पुण्याहून दिल्लीकडे येणाऱ्या गाडीतून भाजणी-मेतकुटाच्या डब्यांशेजारी पु. ल. देशपांड्यांचे कथाकथन येई, आणि मराठी वाचू न शकणारी मुले ते पाठ करीत. शिवाय कोरी फीत मिळे. फोनो केवळ बोले. हे यंत्र ऐकतही असे. म्हणून त्यावर आजीची भूपाळी, एखाद्या आजोबांनी सांगितलेली गोष्ट, मागून कुकरच्या शिट्टीसकट मुद्रित होई. असा आवाज चुकून पुसला जाऊ नये यासाठी कॅसेटच्या पाठीवरचे प्लॅस्टिकचे दोन इवले दात मोडून टाकीत. हे ज्यांनी वेळेवर केले नाही, त्यांच्या घरी आजीच्या भूपाळीवर पोरांनी चित्रपटगीते भरली.

आज १९३० च्या सुमाराची एखादी तबकडी हाती आली, तर चावी फिरवून, नवी सुई लावून ती ऐकता येते. कमान शाबूत असली म्हणजे झाले. १९८५ च्या फितीचे तसे नाही. दमट हवेत तिच्यावरची भुकटी सुटते, पदर एकमेकांना चिकटतात, यंत्रातले रबरी पट्टे वितळून काळा चिकटा होतात. ते दुरुस्त करणारे कारागीर विरळा झाले आहेत, आणि दोन्ही दात मोडलेली, कागदावर जांभळ्या शाईने 'आई' एवढेच लिहिलेली कॅसेट खणात पडून असते.