दगडी बाणाग्रांची ओळख : आकार, घडण आणि जागा

(आगमन शताब्दी सोहळ्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गिरमिटावर अंगठा उमटवून जहाजात चढलेल्या आपल्या पूर्वजांचे आज आपण स्मरण करतो आहोत. अशा दिवशी मी संयुक्त अरब अमिरातीतल्या दगडी बाणाग्रांवर बोलणार आहे, याचे काहींना नवल वाटेल. पण ज्यांनी स्वतःबद्दल एक अक्षरही लिहून ठेवले नाही त्यांची ओळख कशी पटवायची, हा प्रश्न पुरातत्त्वाचा आहे तसाच आपल्या घराघरांतला आहे.

आज जिथे वाळवंट दिसते तिथे सुमारे १०,००० ते ६,००० वर्षांपूर्वी पाऊस बराच जास्त होता. रुब अल खालीच्या वाळूत तळी होती, गवत होते, हरणे होती. माणसे शिकार करत आणि पुढे शेळ्यामेंढ्या व गुरे पाळू लागली. त्यांच्या बाणांच्या काड्या, दोऱ्या, डिंक सारे नाहीसे झाले. चकमकीच्या दगडाचे टोक तेवढे उरले.

असे टोक हाती आले की पहिला प्रश्न, हे माणसाने घडवले आहे का? चकमकीवर नेमका ठोका बसला की सुटणाऱ्या कपचीवर ठोक्याच्या जागी फुगवटा येतो आणि त्याभोवती पाण्यावरच्या तरंगांसारख्या रेषा उमटतात. कडांवरून ओळीने टवके काढलेले दिसले, तर शंका आणखी कमी होते. दुसरा प्रश्न, हे बाणाचे की भाल्याचे? बाणाचे टोक लहान आणि हलके असते. दांडीत बसवायच्या देठाची रुंदी मोजली की दांडी किती जाड होती याचा अंदाज येतो. टोकाचा शेंडा विशिष्ट तऱ्हेने तुटलेला असेल, तर ते वापरले गेले होते असेही कळते.

आपल्या महाराष्ट्रात वेगळी पद्धत होती. जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे एस. ए. साळी यांच्या उत्खननात सूक्ष्मास्त्रे मिळाली. नखाएवढी अशी दगडी पाती लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत डिंकाने ओळीने चिकटवत. अरबस्तानात मात्र बहुधा एकच दगड घडवून पूर्ण टोक केले जाई. तिथले तीन प्रकार ध्यानात ठेवण्यासारखे आहेत.

पहिला फसाद प्रकार. ओमानमधील एका ठिकाणावरून हे नाव पडले. लांबट कपची घ्यायची, देठ आणि शेंडा थोडा घडवायचा, बाकी तसेच ठेवायचे. शारजातील जबल फाया येथे असली टोके सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या आसपासच्या थरांत मिळाली आहेत. दुसरा प्रकार तिकोनी काटछेदाचा. हे टोक आडवे कापले तर त्रिकोण दिसेल. तिसरा प्रकार दोन्ही बाजूंनी बारीक टवके काढून केलेला, मध्ये देठ आणि दोन्हीकडे मागे वळलेले काटे. तो नंतरच्या पशुपालकांच्या काळातला. त्या काळातल्या माणसांची मोठी दफनभूमी शारजातीलच जबल बुहैस येथे आहे. तिथे ५०० हून अधिक माणसांचे अवशेष सापडले.

वर्गवारी करताना दोन चुका सहज होतात. पहिली, ओबडधोबड दिसते ते जुने असे समजणे. डॅनिश संशोधक होल्गर कापेल यांनी १९६७ साली कतारमधील दगडी हत्यारांचे अ, ब, क, ड असे चार गट पाडले आणि ओबडधोबड ‘अ’ गट सर्वांत जुना मानला. पुढे फ्रेंच पथकाने खोर परिसरात उत्खनन केले, तेव्हा ‘अ’ गट तितका जुना नाही असे दिसून आले. ओबडधोबड वस्तू अर्धवट राहिलेली असू शकते, घाईची असू शकते, किंवा तेवढ्याच कामापुरती केलेली असू शकते.

दुसरी चूक, सारखे दिसते ते एकाच घराण्यातले असे समजणे. येमेनमधील मनायझा आणि ओमानमधील एका स्थळी सुमारे ८,००० वर्षांपूर्वीची अशी टोके मिळाली, ज्यांच्यावरून लांब पन्हळीसारखी कपची काढलेली आहे. याविषयीचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेत अशीच टोके सुमारे १३,००० वर्षांपूर्वी होती. पण तिकडे पन्हळ बुडाकडून काढत, इकडे शेंड्याकडून. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. तीच युक्ती दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सुचली.

मग खात्री कशाने होते? जागेने. वारा वाळू उडवून नेतो आणि हजारो वर्षांच्या अंतराने पडलेल्या वस्तू एकाच पृष्ठभागावर शेजारी शेजारी येतात. म्हणून थरांत सापडलेल्या वस्तूंना फार मोल आहे. जबल फायाच्या निवाऱ्यात थरावर थर टिकले आहेत. तिथली सुमारे १,२५,००० वर्षांपूर्वीची हत्यारे २०११ साली जगापुढे आली आणि २०२५ साली फायाचा परिसर जागतिक वारसा यादीत गेला. एखादे सुंदर बाणाग्र कुणी खिशात घालून नेले, तर दगड उरतो पण त्याचा पत्ता जातो. पुढे कितीही मोठा तज्ज्ञ आला तरी तो पत्ता परत देऊ शकत नाही. म्हणून वाळवंटात असे काही दिसले तर उचलू नका. छायाचित्र घ्या, जागा नोंदवा आणि तिथल्या पुरातत्त्व विभागाला कळवा.

आता आपल्याकडे वळू. मॉरिशसमध्ये मोका येथील महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांच्या नोंदवह्या जपल्या आहेत. क्रमांक, नाव, बापाचे नाव, गाव, उंची, अंगावरची खूण. लिहिणाऱ्याला मराठी येत नसेल, तर नाव कानाला लागले तसे उतरले. तोच खरा उच्चार म्हणून आपण तो पुढे चालवतो. आडनाव सारखे दिसले की नाते जोडतो. साधी वस्तू दिसली की पूर्वज अडाणी होते असे मानतो. बाणाग्रांच्या बाबतीत होणाऱ्या त्याच दोन चुका आपण आपल्याच माणसांच्या बाबतीत करतो.

आपल्या घरांत अजून काही उरले आहे. पितळी तांब्या, जाते, देव्हाऱ्यातला टाक, परवान्याचा कागद. मंडळाच्या प्रदर्शनासाठी ते जमवताना माझी एकच विनंती आहे. वस्तू आणण्याआधी तिच्याबरोबर एक चिठ्ठी लिहा. कुणाची, कुठल्या घरातली, कुठल्या कोनाड्यात होती, कुणाकडून कुणाकडे आली, आणि हे तुम्हाला कुणी सांगितले. जे ऐकीव आहे ते ऐकीव म्हणून लिहा. घरातल्या आजींना आजच विचारा, कारण त्यांच्याजवळची माहिती हाच आपला न ढवळलेला थर आहे.