पिलाचा पाय आणि सुनेचा पायगुण



कोंबडीचीं अंडीं विकून येणारा पैसा बहुधा घरच्या बाईच्या हातीं राहतो. मीठमिरची, मुलांची पाटी-पेन्सिल त्यांतूनच येते. म्हणून पिलाचा पाय ही क्षुल्लक गोष्ट समजूं नका.

नव्या पिलाच्या तंगड्या दोहों बाजूंस फाकल्या, कीं आपण म्हणतों, दृष्ट लागली. नाहींतर नव्या सुनेचा पायगुण वाईट! मग लिंबू उतरावयाचें, भटाभगताला दक्षिणा द्यावयाची. इकडे पिलूं दाण्यापर्यंत पोंचत नाहीं व उपाशी मरतें. १८७३ सालीं जोतीरावांनीं सत्यशोधक समाज स्थापिला. त्याचे अनुयायी म्हणविणाऱ्यांनीं अशा वेळीं कारण शोधलें पाहिजे.

कारण बहुधा पायाखालींच असतें. गुळगुळीत फरशी, पत्रा, कागद यांवर पिलूं घसरतें. वर्तमानपत्र वाचावें, पिलांखालीं अंथरूं नये! गोणपाट अंथरावें. पेटींत अंडीं उबवितांना उष्णता कमीजास्त झाली, तरीही पाय अधू होतात.

उपाय बिनखर्ची आहे. पहिल्या एकदोन दिवसांतच मऊ कापडाच्या अरुंद चिंधीनें दोन्ही पाय एकमेकांस बांधा. मधें सुमारें १ इंच अंतर ठेवा, म्हणजे पिलूं उभें राहील. आवळूं नका. रोज सोडून पाहा. सूज दिसली तर सैल करा. दाणापाणी तोंडाशीं ठेवा. तीनचार दिवसांत पुष्कळ पिलें चालूं लागतात.

बोटें आंत मुडपलीं, तर खाद्यांत ब-२ जीवनसत्त्व कमी पडलें असेल. अंड्यावरील कोंबडीस हिरवा पाला व ताक द्या. सांधा सुजून त्यामागची शीर सरकली व पाय पिळवटला, तर मँगेनीजसारख्या क्षारांची उणीव असूं शकते. तो पाय सहसा सुधारत नाहीं. पुढच्या पिलांसाठीं कोंबडीच्या खाद्यांत भाताचा कोंडा घाला. कांहीं आठवड्यांचीं पिलें एक पाय पुढें, एक मागें टाकून पडूं लागलीं, तर मारेक रोगाचा संशय घ्या. त्यावर औषध नाहीं. पिलूं निघतांच लस टोचणें हाच बचाव. जनावरांच्या सरकारी दवाखान्यांत विचारा.

बंधूंनो, चिंधीनें जो पाय सरळ होतो, त्याचा दोष सुनेच्या पायांवर कां? खुराड्याची जमीन तपासा; सुनेला बोल लावूं नका.