साय यंग : एका अथक बाहूची कहाणी
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



शंभर वर्षे टिकलेल्या संस्थेच्या उत्सवात टिकून राहण्याच्याच एका कथेचे स्मरण करणे उचित ठरावे. ही कथा अमेरिकेतील बेसबॉलची आहे. क्रिकेटमध्ये जे स्थान गोलंदाजाचे, तेच बेसबॉलमध्ये ‘पिचर’चे, मात्र त्याचा चेंडू टप्पा न घेता थेट फलंदाजाकडे जातो आणि सामन्याचा जय-पराजय त्याच्या नावावर नोंदला जातो.

डेंटन ट्रू यंग याचा जन्म २९ मार्च १८६७ रोजी ओहायो राज्यातील गिलमोर येथे शेतकरी कुटुंबात झाला. चेंडूच्या झंझावाती वेगामुळे त्याला ‘सायक्लोन’ हे टोपणनाव मिळाले. त्याचेच पुढे ‘साय’ झाले. ६ ऑगस्ट १८९० रोजी तो क्लीव्हलँडकडून प्रथम मैदानात उतरला आणि १९११ पर्यंत खेळत राहिला. बावीस हंगाम, ५११ विजय! दुसऱ्या क्रमांकावरील वॉल्टर जॉन्सनचे विजय ४१७ आहेत. यंगने ८१५ सामन्यांचा आरंभ केला आणि त्यांतील ७४९ स्वतःच तडीस नेले.

हे केवळ बाहुबळाने साधले नाही. पूर्वी पिचरच्या चौकटीची पुढची रेघ फलंदाजाच्या तळापासून ५० फुटांवर असे. १८९३ साली ती चौकट जाऊन ६० फूट ६ इंचांवर पट्टी आली. अनेकांना हा बदल जड गेला. यंगने मात्र त्याच वर्षी ३४ सामने जिंकले. वेग ओसरू लागला तसा त्याने अचूकपणावर भर दिला. सामन्यापूर्वी तो मोजकेच चेंडू टाकी आणि हिवाळ्यात शेतावर राबून शरीर कणखर ठेवी. शक्ती कोठे खर्चावी आणि कोठे राखावी, हा विवेक त्याच्या दीर्घायुषी खेळाचे मर्म होते.

१९०३ च्या पहिल्या जागतिक मालिकेत विजयी ठरलेल्या बोस्टन संघात तो होता. ५ मे १९०४ रोजी, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, त्याने फिलाडेल्फियाचे सत्तावीस फलंदाज ओळीने बाद केले. एकालाही पहिला तळ गाठता आला नाही.

परंतु या कहाणीची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. सर्वाधिक विजयांचा हा मानकरी सर्वाधिक पराजयांचाही धनी आहे. तीनशेहून अधिक सामने तो हरला. जो सतत उभा राहतो, त्याच्याच वाट्याला इतके पराभव येऊ शकतात. हरल्यानंतर काही दिवसांतच पुन्हा चेंडू हाती घेणे, हे त्याचे खरे शौर्य. तरीही १९३६ साली बेसबॉलच्या कीर्तिमंदिरासाठी झालेल्या पहिल्या निवडीत पाच जणांना स्थान मिळाले, त्यांत यंग नव्हता. १९३७ साली ती उणीव भरून निघाली.

४ नोव्हेंबर १९५५ रोजी त्याचे निधन झाले. १९५६ पासून वर्षातील सर्वोत्कृष्ट पिचरला त्याच्या नावाचा पुरस्कार दिला जातो. आज एकाच सामन्यात अनेक पिचर बदलले जातात. त्यामुळे तो पुरस्कार जिंकणाऱ्यालाही ५११ हा आकडा स्वप्नवतच वाटावा.

सभासदहो, झळाळी क्षणाची असते. सातत्याचा हिशेब मात्र जय आणि पराजय दोन्ही मांडूनच पुरा होतो. यंगचा हिशेब तसा पुरा झालेला आहे.