नगरची फरारबाई

सारंगखेड्याहून बोलतेय.

आपल्या एकमुखी दत्ताच्या यात्रेला दरवर्षी राजस्थान, गुजरात, उत्तर प्रदेशातून घोडेवाले येतात. पाल ठोकतात, राहतात, बाजार झाला की निघून जातात. आज मी एका अशा परक्या बाईबद्दल सांगणार आहे, जी कामाला आली आणि इथलीच होऊन गेली.

तिचं नाव सिंथिया फरार. अमेरिकेतली शाळामास्तरीण. 1827 च्या जूनमध्ये बोस्टनहून जहाजात बसली आणि डिसेंबरअखेर मुंबईला उतरली. वय 32. त्या काळी परदेशी बाई इकडे यायची ती बहुतेक मिशनऱ्याची बायको म्हणून. ही लग्न न करता, मुलींना शिकवायला आली. पुढे 1839 पासून अहमदनगरला राहिली. आता त्याला आपण अहिल्यानगर म्हणतो.

तिचे दिवस कसे गेले असतील याचा विचार करा. आधी मराठी शिकायची. नव्या सुनेला सासरची बोली यायलाही वेळ लागतो, इथं तर अक्षरापासून सुरुवात! माहेरचं पत्र जहाजानं यायला कित्येक महिने लागायचे. मुलींच्या शाळा चालवायच्या, त्यांवर लक्ष ठेवायचं, वाचन, लेखन, शिवणकाम शिकवून घ्यायचं. आणि सगळ्यांत अवघड काम म्हणजे मुली मिळवायच्या.

मुलगी शिकली तर विधवा होते, असं तेव्हा लोक मानायचे. आठ-दहा वर्षांची झाली की लग्न. पाटीवर बाराखडी उमटायला लागली की पोर सासरी. मग पुन्हा नवी मुलगी, पुन्हा पहिलं अक्षर.

एक गोष्ट लपवून ठेवत नाही. फरारबाई धर्मप्रचाराच्या मिशनकडून आली होती. आपली मुलगी बाटेल, अशी भीती आईबापांना वाटायची. त्यांची भीती अगदीच उगाच होती असंही नाही, कारण शाळेत त्यांच्या धर्माची शिकवण असायचीच.

पण बघा, पुण्याहून जोतीराव फुले नगरला आले, त्यांनी फरारबाईंची मुलींची शाळा पाहिली. त्यांनी तिचा धर्म घेतला नाही, शाळा मात्र घेतली. 1848 मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. आपल्या सावित्रीबाईंनी शिकवायचं कसं, याचं प्रशिक्षण फरारबाईंकडेच नगरला घेतलं. कोणाकडून काय घ्यायचं आणि काय नाही, हे दोघांना बरोबर कळत होतं.

मध्ये तब्येत बिघडली म्हणून फरारबाई अमेरिकेला गेली होती. घरी राहिली असती तर कोणी नाव ठेवलं नसतं. पण ती परत आली. 1862 मध्ये नगरलाच वारली. आली त्याला 34 वर्षं झाली होती.

हे मी आज का सांगतेय? आमच्या गटातल्या एका ताईंनी मुलीला दहावीनंतर घरी बसवलं. स्थळ बघायला सुरुवात झाली. पोरगी सोळा वर्षांची. आम्ही चौघीजणी समजावायला गेलो. तिचे वडील म्हणाले, "आमच्या घरातलं आम्ही बघू." चहा घेतला आणि परत आलो. वर एकमेकींना म्हणालो, आपण सांगून तर पाहिलं.

एकदाच गेलो हो आम्ही! स्वतःच्या गावात, स्वतःच्या भाषेत, ओळखीच्या ओट्यावर. फरारबाईला यातलं काहीच नव्हतं.

म्हणून या गुरुवारी बैठक झाल्यावर आम्ही पुन्हा जाणार आहोत. यावेळी मुलीच्या आजीशीही बोलू, अकरावीचा प्रवेश कुठं मिळतो, एसटीचा पास कसा निघतो, तेही विचारून ठेवलंय. अठरा वर्षांच्या आत लग्न करणं गुन्हा आहे, हेही सांगू, पण आधी त्यांचं ऐकून घेऊ. नाही म्हणाले तर पुढच्या गुरुवारी परत.

तुमच्या गावातही अशी एखादी मुलगी असेल. जाऊन या तिच्या घरी.