हजेरीत नाव नाही म्हणून



गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारची एक मुलगी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. वास्तुकलेच्या चौथ्या वर्षाला आहे. म्हणाली, "काका, ग्राफिक्स कार्ड गेलंय. दुकानात सांगितलं, मदरबोर्डच बदलावा लागेल." सबमिशन पाच दिवसांवर आलेलं, आणि वडील बोर्डाच्या पैशांची जुळवाजुळव करत होते. मी विचारलं, "गेलंय म्हणजे नेमकं काय झालंय?" तर म्हणाली, "यादीत दिसत नाही." बाकी लॅपटॉप व्यवस्थित चालत होता. आज मला बोलायचं आहे ते या 'गेलंय' शब्दाबद्दल.

टेबलावरच्या संगणकात मॉनिटरची केबल थेट ग्राफिक्स कार्डाला लावलेली असते. कार्ड बंद पडलं की पडदा काळा, आणि शंकेला जागा राहत नाही. लॅपटॉपचं तसं नाही. त्यात बहुधा एक लहान ग्राफिक्स चिप प्रोसेसरच्याच पोटात असते आणि दुसरी मोठी, स्वतंत्र, बोर्डावर डाग दिलेली; तिलाच आपण कार्ड म्हणतो. २०१० साली एनव्हिडियाने ऑप्टिमस नावाची रचना आणली. त्यात पडद्याची जोडणी लहान चिपकडे असते. मोठं कार्ड चित्र तयार करून लहान चिपच्या मेमरीत नेऊन ठेवतं आणि तिथून ते पडद्यावर येतं. काम नसेल तेव्हा मोठ्या कार्डाची वीजच तोडायची. बॅटरी वाचवण्याचा हा फार सुंदर विचार आहे. पण त्यामुळेच मोठं कार्ड नाहीसं झालं तरी पडदा उजळलेलाच राहतो, आणि रेंडरिंग तासन्‌तास रेंगाळायला लागलं की मगच माणसाला कळतं.

आता 'यादीत नाही' म्हणजे काय ते पाहू. संगणक सुरू होताना शाळेतल्यासारखी हजेरी घेतो. अंतर्गत मार्गावरच्या एकेका पत्त्यावर विचारणा होते, आणि तिथला भाग आपल्या कंपनीचा क्रमांक सांगतो. एनव्हिडियाचा १०डीई, एएमडीचा १००२, इंटेलचा ८०८६. (इंटेलचा १९७८ सालचा गाजलेला प्रोसेसर ८०८६, तोच आकडा त्यांनी इथेही घेतला. मला ही गोष्ट फार आवडते.) कोणी बोललंच नाही, तर उत्तराच्या जागी नुसते एफएफएफएफ येतात. न बोलणारा भाग झोपलेला आहे, मुद्दाम बंद ठेवला आहे की मेला आहे, हे हजेरीवरून कळत नाही. ते शोधावं लागतं.

त्या मुलीच्या लॅपटॉपवर मी डिव्हाइस मॅनेजर उघडून लपलेली उपकरणं दाखवायला सांगितलं. कार्डाचं नाव फिकट अक्षरांत उमटलं आणि सोबत ४५ क्रमांकाचा संकेत: उपकरण सध्या जोडलेलं नाही. म्हणजे विंडोजला त्याची ओळख होती. पिवळा त्रिकोण आणि ४३ क्रमांक दिसला असता, तर कार्डाने हजेरी दिली पण पुढे कामात बिघडलं, असा अर्थ झाला असता. मग ड्रायव्हर मुळापासून काढून लॅपटॉपच्याच कंपनीचा नव्याने घालायचा. इथे ड्रायव्हरला हात लावण्यात काही अर्थ नव्हता. जो हजरच नाही, त्याला ड्रायव्हर काय चालवणार?

मी तिला विचारलं, "हे सुरू झालं त्या दिवशी काय केलं होतंस?" ती आठवत राहिली. त्या दिवशी पावसाने वीज गेली होती, बॅटरी पुरवायची म्हणून तिने कंपनीच्या सॉफ्टवेअरमधला बचतीचा मोड लावला होता. तो मोड मोठं कार्ड पूर्ण बंद करतो. तो बदलला, लॅपटॉप रीस्टार्ट केला, कार्ड हजर!

कधी मोड बरोबर असूनही कार्ड येत नाही. तेव्हा चार्जर काढून, बंद लॅपटॉपचं पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून ठेवा, म्हणजे आत साचलेली वीज उतरते. आणि विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर 'शट डाउन' हे पुरतं बंद होणं नसतं, आधीची अवस्था जपून ठेवलेली असते, म्हणून रीस्टार्ट. बायोसमधली ग्राफिक्सची निवडही बघा. एवढं करूनही कार्ड आलं नाही, तर विंडोजऐवजी पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करायचं आणि हजेरीची यादी दाखवणारी एलएसपीसीआय ही आज्ञा द्यायची. तिथेही कार्ड नसेल, तर दोष विंडोजचा नाही.

खरोखर मेलेली कार्डंही असतात, ते मी लपवणार नाही. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या काही चिपांच्या बांधणीतल्या दोषासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढल्याचं जाहीर केलं. तापणं-थंडावणं, तापणं-थंडावणं, यात चिपच्या पोटातले सूक्ष्म सांधे तडकत होते. ग्राफिक्सच्या बिघाडापायी २०११ च्या काही मॅकबुक प्रोंसाठी ॲपलला २०१५ साली मोफत दुरुस्तीची योजना काढावी लागली. अशा चिपला हॉट एअर गन लावून 'जिवंत' करणारे भेटतात. तडकलेला सांधा उष्णतेने तात्पुरता जुळतो, काही दिवसांनी पुन्हा उघडतो. त्याला दुरुस्ती म्हणून पैसे घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

एका फोटोग्राफरच्या लॅपटॉपवर मी या सगळ्या तपासण्या केल्या. लिनक्समध्येही उत्तर आलं नाही. त्याला सांगितलं, कार्ड गेलं, पण लहान चिप शाबूत आहे, बोर्डावर खर्च करू नका. फोटोंसाठी त्याने दुसरं यंत्र घेतलं. जुन्यावर त्याची बायको आजही स्टुडिओची बिलं करते.