सायकल आली, रस्ता कधी येणार?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. हळदीकुंकवाचा हिशेब वाचायला उभी राहिले तरी माझा घसा कोरडा पडतो. पण चिटणीसबाई म्हणाल्या, “मुलांच्या सायकलींबद्दल तुम्ही जिन्यात नेहमी बोलता, तेच इथे बोला.” म्हणून उभी आहे. गोड मानून घ्या.

आपल्याकडे मूल सायकल कसे शिकते? काका नाहीतर दादा मागून सीट धरतो, दोनचार वेळा गुडघे फुटतात, आणि एक दिवस हात सोडला तरी सायकल पुढे जाते. झाले! ‘आमचा बाळू सायकल शिकला,’ असे आपण सगळ्या मजल्याला सांगतो. माझे म्हणणे एवढेच की, बाळू तोल सांभाळायला शिकला. रस्ता शिकायचा अजून बाकी आहे. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही हे खरे, पण म्हणून पोराला कोणी चौपाटीवर भरतीच्या पाण्यात ढकलून देत नाही.

स्कूटर चालवायची तर कायदा वय विचारतो, परीक्षा घेतो, मग लायसन देतो. सायकलला यातले काही नाही. गरिबाच्या मुलाला ही मोठी सोय आहे आणि ती तशीच राहावी. पण त्यामुळे रस्त्यावरच्या सर्वांत हलक्या वाहनावर सर्वांत लहान माणूस बसतो, आणि त्याला येते की नाही हे कोणीच पाहत नाही. कायद्याने पाहिले नाही तर ते आईने पाहायचे.

आपला रस्ता तरी कसा आहे? २०११ साली लालबागचा उड्डाणपूल झाला. लांब जाणाऱ्या गाड्या वरून जातात. वळणाऱ्या, थांबणाऱ्या, माल उतरवणाऱ्या सगळ्या खाली, आपल्या वाट्याला. गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले. चाळींच्या अंगणात मोटारसायकली आल्या. मुलांना खेळायला उरली ती गल्ली, आणि गल्ली संपली की थेट डॉ. आंबेडकर रस्ता.

आता इतर देशांत काय करतात ते पाहू. ब्रिटनमध्ये शाळकरी मुलांची सायकलची परीक्षा १९५८ सालापासून देशभर घेऊ लागले. २००७ साली इंग्लंडात तिची नवी पद्धत आली, तिला बाइकेबिलिटी म्हणतात. तिच्या तीन पायऱ्या आहेत: आधी रहदारी नसलेली जागा, मग शांत रस्ता, शेवटी वर्दळीचा रस्ता. हॉलंडात प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षांतली मुले लेखी परीक्षा देतात आणि रस्त्यावर सायकल चालवूनही दाखवतात. तिकडे सायकलींना वेगळ्या वाटा आहेत. त्या आपल्याला उद्या मिळणार नाहीत. पण पायऱ्या उसन्या घ्यायला पैसे पडत नाहीत.

पहिली पायरी मैदानात. सायकल मुलाच्या मापाची हवी. गणवेश आपण दोन बोटे मोठा घेऊन आत दुमडतो, तसे सायकलीचे करू नये. सीट खाली करून पायडल काढून ठेवावीत. मूल दोन्ही पायांनी जमीन रेटत जाते, पाय उचलून थोडे घरंगळते, आणि तोल आपसूक येतो. मागून सीट धरून कंबर मोडावी लागत नाही. मग पायडल लावावीत. हवा, ब्रेक आणि साखळी पाहिल्याशिवाय बसायचे नाही, ही सवय याच वेळी लावावी. नुसता पुढचा ब्रेक एकदम दाबायचा नाही, दोन्ही बरोबर दाबायचे. सांगितलेल्या रेघेवर सायकल थांबेपर्यंत पुढची पायरी नाही.

दुसरी पायरी रविवारी सकाळी, रिकाम्या गल्लीत. इथे खरी परीक्षा मानेची! सायकल न डगमगता मागे वळून पाहता आले पाहिजे. एक हात सोडून वळण्याची खूण करता आली पाहिजे. उभ्या मोटारीपासून तिच्या दाराच्या रुंदीएवढे तरी दूर राहायचे, कारण ते केव्हा उघडेल याचा नेम नाही. दोन मोटारींच्या मध्ये आतबाहेर करायचे नाही, सरळ जायचे.

तिसरी पायरी मोठ्या मुलांची, आणि तीही मोठे माणूस बरोबर असताना. बस किंवा ट्रक वळणार असेल तर त्याच्या डाव्या बाजूच्या फटीत शिरायचे नाही. ड्रायव्हरला तिथले मूल दिसत नाही. उलट्या दिशेने जायचे नाही, मग शाळेला उशीर झाला तरी चालेल. नाक्यावर उतरून, सायकल हातात धरून रस्ता ओलांडण्यात कमीपणा नाही. पावसाळ्यात ब्रेक उशिरा लागतात आणि पाण्याखालचा खड्डा दिसत नाही, म्हणून तेव्हा वर्ग बंद. गणपतीतही बंद, त्या दिवसांत लालबागेत चालायला जागा मिळाली तरी पुष्कळ.

आता मुलींबद्दल. चौथी-पाचवीपर्यंत मुलगी सायकल चालवते, मग एक दिवस आपणच म्हणतो, “आता पुरे.” तमिळनाडूतील पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९० नंतरच्या वर्षांत साक्षरतेची मोहीम झाली. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी अक्षरांबरोबर सायकलही शिकवायला घेतली. शेतात राबणाऱ्या, दगडाच्या खाणीत काम करणाऱ्या हजारो बायका शिकल्या. लोकांनी टोमणे मारले, तरी त्या थांबल्या नाहीत. आधी शिकलेलीने दुसरीला शिकवले. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून खेड्यांतल्या, लांबून शाळेत येणाऱ्या मुलींना सायकली मिळाल्या. शाळा, क्लास, आजारी आजीचे औषध, यासाठी मुलीला दर वेळी भावाची वाट पाहावी लागू नये. “तिला लागले तर?” असे तुम्ही विचाराल. मुलाला लागत नाही का? दोघांनाही नीट शिकवणे हाच त्यावर उपाय.

म्हणून माझी सूचना अशी. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारपासून सकाळी साडेसहा ते आठ मंडळाने सायकलवर्ग चालवावा. दहा मुलांना तीन सायकली पुरतात. घरात पडून असलेल्या दुरुस्त करून घेऊ. मैदानाची परवानगी काढायला दोघींनी जावे. वर्गात निम्म्या मुली असाव्यात. आणि सगळ्यांना सारखे प्रशस्तिपत्रक वाटू नये. ज्याला मागे पाहता येत नाही त्याने पुन्हा शिकावे. त्याची आई रागावेल, पण तिची समजूत घालता येईल.

शिकवायला आपल्यातल्याच सहाजणी हव्यात. ज्यांना सायकल येत नाही त्यांनी मुलांच्या आधी शिकावे. पदर खोचला आणि साखळीला झाकण असले की साडी अडकत नाही, हे मी करून पाहिले आहे. वही चिटणीसबाईंच्या टेबलावर ठेवली आहे. पहिले नाव माझे आहे. खालच्या पाच ओळी रिकाम्या आहेत.